गृहीत शून्य

रामबागेतल्या मागच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर
आता जेल रोडवरून आणलेलं काळं खोकं घुमतं.
आठ हजारांत. एक कोपरा चेपलेला.

निनाद म्हणाला, मावशी, तयार स्क्रिप्ट आहे,
एन्टर मारा आणि झोपा.
म्हटलं, झोपेत सह्या करणारी माणसं
मी सत्तावीस वर्षं पाहिली.
दोनशे पानी वही काढली, समास आखला.
एकेक कमांड आधी वहीत, मग बोटांनी.

डिस्क आधी. तिचा लांबलचक नंबर
एफस्टॅबच्या फाइलीत उतरवताना
एक सहा आठ झाला.
मशीन सुरूच होईना.
सहा की आठ, यातच नोकरी गेली माझी,
आणि इथे चष्म्यानं दगा दिला.

मग एक यूजर निर्माण केला:
त्याला लॉगिन नाही, पासवर्ड नाही,
हक्क एकाच कपाटावर.
असा एकही माणूस आमच्या पतपेढीत नव्हता.

सॉफ्टवेअर उतरलं. त्याचा हॅश, चौसष्ट अक्षरं,
स्क्रीनला फूटपट्टी लावून
चार-चारच्या घासांनी जुळवला.
वहीत टिक केली. हिरवी शाई,
ऑडिटची बाटली अजून शिल्लक आहे.

कॉन्फिगपाशी निनाद अडला.
"जुन्या ब्लॉकांतल्या सह्या तो तपासत नाही, मावशी,
बरोबर धरून चालतो. हजारोंनी बघितलंय आधीच."

आधीच.
चौऱ्याण्णवचा मार्च, ठेवींचा लेजर, पान दोनशे बारा.
साहेब म्हणाले, वाकणकरांनी बघितलंय आधीच.
वाकणकरांना सांगितलं होतं, बाईंनी बघितलंय.
खाली माझी सही, वळणदार,
शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरातली.
नंतर यमुनाबाई सपकाळ परदेशीपुऱ्याहून चालत यायच्या
दर सोमवारी, पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून.
शटर बंद असायचं. तरी यायच्या.

मी टाइप केलं: अझ्यूमव्हॅलिड बरोबर शून्य.
आठवडे लागतील, निनाद म्हणाला.
लागू देत. पेन्शन चालू आहे.

पहिलं पान तीन जानेवारी दोन हजार नऊचं.
मागच्या पानाच्या ठशाच्या जागी
नुसती शून्यं.
पुढे मात्र प्रत्येक पानावर मागच्याचा ठसा,
एक आकडा खोडा, पुढचं सगळं चोपडं ओरडून उठतं.
असा लेजर तेव्हा असता तर,
असं मला दोन रात्री वाटत राहिलं.
तिसऱ्या रात्री नाही वाटलं.
पान दोनशे बारावर खाडाखोड नव्हतीच.
बेरीज बिनचूक होती.
खोटं होतं ते पानामागचं व्हाउचर,
जे मी मागितलं नाही.

शेजारच्या दुबे काकी गच्चीवरून विचारतात,
"दिन-रात चलता है, मिलता क्या है?"
कुछ नहीं.
"फिर?"
मी कुंड्यांना पाणी घालत राहते.

अकराव्या रात्री लाईट गेली.
इन्व्हर्टरनं चार मिनिटं दिली, मला पाच हवी होती.
डेटाबेस बिघडला. रीइंडेक्स, म्हणजे
पुन्हा शून्यापासून.
निनादला सांगितलं नाही. वहीत तारीख घातली फक्त,
आणि चहा ठेवला.

चौतिसाव्या दिवशी, सकाळी,
कचरागाडीचा भोंगा कोपऱ्यावर,
ओला डबा माझ्या हातात,
आणि धबधब्यासारखा पळणारा लॉग
एकाएकी थबकला. एक ओळ.
मग बराच वेळ काही नाही.
मग एक ओळ.
मी जगाच्या आजच्या तारखेला पोचले होते.

दुपारी राउटरचं दार उघडलं,
आठ हजार तीनशे तेहतीस.
तासाभरात कोणीतरी आलं. ना नाव ना गाव,
नुसता पत्ता आकड्यांचा,
दोन हजार अकराची पानं मागत होतं.

घे बाबा, म्हटलं.
पण माझ्यावर जाऊ नकोस.